आकाशी साडीतून उरलेली पट्टी

साडीची उंची कमी करून द्याल का, असं मला आजवर एकाच बाईनं विचारलं. ब्लाउज सैल करा, परकराला नाडी घाला, फॉल लावा, बाह्या जरा वाढवा, हे रोजचंच. पण साडी काय, सगळ्यांनाच पुरते. ठेंगणी बाई वर जास्त खोचते, उंच बाई कमी खोचते, झालं. हिला मात्र खोचायला जागाच नव्हती. निम्मी साडी खोचली तर पोटावर गाठोडं, नाही खोचली तर पायात घोळ. ती जेमतेम माझ्या कमरेच्या वर. जन्मानंच तशी. वय मात्र लग्नाचं, अन् बोलणं तर माझ्याहून मोठं.

आमचं गाव घोडेगावाहून भीमाशंकरकडं जाताना, शिनोलीच्या अलीकडं रस्त्याला लागून. गावात हायस्कूल आहे. बी.एड. करणारी पोरं-पोरी तिथं सरावाला येतात, महिनोन्‌महिने राहतात, पाठ घेतात अन् जातात. आमची एक खोली रिकामी असायची, ती आम्ही अशा पोरींना द्यायचो. किती आल्या, किती गेल्या. कुणी चपला विसरली, कुणी लग्नाची पत्रिका पाठवली. पण दुपारी मशीन बंद करून मी नुसती बसले की आठवते ती ही.

ती खोली बघायला आली तेव्हा दारात आमचे हे कांद्याच्या गोण्या शिवत बसले होते. त्यांना दिसलं, पाठीवर दप्तरासारखी बॅग घेतलेलं पोर. म्हणाले, "काय गं बाळ, कुणाची तू? आई कुठंय तुझी?" अन् खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं गोळी घेतली, कागद काढून तोंडात टाकली अन् म्हणाली, "आई निमगाव सावाला हाय. तिनं मलाच पाठवलंय खोली बघायला. भाडं किती म्हणता? अन् पाणी कधी येतं?"

ह्यांनी सुई गोणीत टोचली ती तशीच राहिली. आत येऊन मला म्हणतात, "अगं, ती मास्तरीण हाय. मी गोळी दिली तिला."

"मग परत मागा," मी म्हणाले.

त्या दिवसापासून हे तिच्याशी बोलताना टोपी सारखी करायचे. "मॅडम, पाणी तापलंय. मॅडम, लाइट जाणार हाय." ती हसायची. मला म्हणाली, "मावशी, काकांनी गोळी दिली तेच बरं व्हतं. आता मला गोळ्या मिळणार न्हाईत."

तिचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. वडील अजून कळप घेऊन फिरतात. लहानपणी हिला कळपामागं चालणं झेपायचं नाही, म्हणून बिऱ्हाडाच्या घोड्यावर भांड्याकुंड्यांच्या मधे बसवायचे. ती सांगायची, "मावशी, सगळी खाली चालायची अन् मी वर. मला वाटायचं मीच सगळ्यांत उंच. शाळेत घातलं तवा कळलं." असं बोलायची अन् हसायची. मग आपण हसावं का नाही, तेच समजायचं नाही. मी हसायचे. नंतर एकदा म्हणाली, "तुमी हसता म्हणून तुमच्याशी बोलते. बाकीचे च् च् करतात."

आता साडीचं सांगते. तिच्या कॉलेजात नेम होता की पाठाच्या दिवशी सगळ्या पोरींनी एकसारखी साडी नेसायची. आकाशी रंगाची, बारीक निळ्या काठाची. कॉलेजातले सर तिला म्हणाले होते, तू ड्रेस घालून ये, तुला सवलत. साडी मापाची करून द्याल का, असं तिनं गावोगावच्या टेलरांना विचारलं. सगळे म्हणाले, साडीला कशाला कात्री लावता, ड्रेसच शिवून देतो. ती माझ्यापुढं घडी ठेवून म्हणाली, "मावशी, सवलत मला रोज मिळती. बसमधी मिळती, रांगेत मिळती, परीक्षेत मिळती. मला माप पाहिजे."

मी काही शिकलेली टेलर नव्हे. शाळा तिसरीत सुटली. वाचायला नंतर शिकले, पोरांच्या पुस्तकांवरून. शिवायलाही कुणी शिकवलं नाही. माझ्या सासूबाईंचा एक जुना ब्लाउज होता, तो मी टाका टाका उसवला, सगळे तुकडे जमिनीवर मांडले, अन् त्यावर वर्तमानपत्र ठेवून कापून घेतलं. उसवून शिकले मी. म्हणून अवघड काम आलं की मी आधी विचार करते, हे उसवलं तर कसं दिसेल.

पहिल्यांदा मी साडीला आडवी चुणी घातली, ह्या टोकापासून पार पदरापर्यंत. नेसवून बघितली तर पोटाभोवती बँडेज बांधल्यासारखं दिसायला लागलं. ती आरशात बघून म्हणाली, "ऑपरेशन झालंय का माझं?" उसवली. मग कात्री घेतली. नव्या कोऱ्या साडीला उभ्या लांबीत कात्री लावायला माझा हात धजेना. ती समोर खाटेवर पाय हलवत बसलेली. म्हणाली, "कापा. कापली न्हाई तर तशीही नेसता येणार न्हाईच." मग कापली. वरचा काठ अलगद सोडवला, मधली रुंद पट्टी लांबच्या लांब काढली, अन् काठ परत जागेवर अशा बेतानं जोडला की शिवण काठाच्या रेघेत लपली. दोन दिवस मी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही.

नेसली तेव्हा खरंच सांगते, मी तिला पहिल्यांदा पाहिलं. पदर खांद्यावरून नीट पाठीवर पडलेला, निऱ्या पायाच्या बोटांना टेकलेल्या. ती दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली, परत आली. उरली ती मधली पट्टी. दीड वीत रुंद अन् साडीएवढी लांब, बिनकाठाची, आकाशी. मी गुंडाळून मशीनच्या खणात ठेवून दिली. तुकडा मी कधी टाकत नाही.

शाळेत काय चाललं होतं ते ती संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगायची. आल्या आल्या मुख्याध्यापक म्हणाले होते, तुम्ही पाचवीला घ्या, पोरं लहान आहेत, बरं पडेल. तिचा विषय भूगोल, अन् तिला आठवी पाहिजे होती. भांडून घेतली. मग फळ्याचा प्रश्न आला. तिचा हात फळ्याच्या खालच्या कडेला पोचायचा. आमचे हे म्हणाले, "त्यात काय, टोमॅटोचं क्रेट पालथं घाला." अन् स्वतः नेऊन दिलं. पहिल्याच तासाला ती क्रेटवर चढली, खडू टेकवला अन् क्रेट सरकलं. पडली नाही, पण फळ्यावर खडूची एक लांब रेघ उमटली अन् वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावर एक उंच पोरगी बसायची, कबड्डी खेळणारी, वर्गातल्या पोरांपेक्षाही उंच. तिनं मागून आवाज दिला, "अर्धं तिकीट, सांभाळून!" तेच नाव पडलं.

मुख्याध्यापक म्हणाले, सुताराकडून चौरंग करून घेऊ. तर ही म्हणाली, "सर, चौरंगावर उभी राहिले तर पोरं परसाद मागतील."

ती नावाला घाबरायची नाही. तिचं दुखणं दुसरंच होतं, अन् ते मला कळायला वेळ लागला. एका संध्याकाळी ती तोंड पाडून भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आज काय झालं? पुन्हा क्रेट?"

"न्हाई. आज पाठ चांगला झाला."

"मग तोंड का असं?"

तर म्हणाली, "मावशी, वर्गाच्या मागं आठवीचे खरे सर बसलेले असतात, माझा पाठ बघत. मी पुढं शिकवत असते. अन् पोरांना पाणी प्यायला जायचं झालं की ती मान वळवून मागं बघतात. 'सर, जाऊ का?' सर मान हलवतात, पोरगं जातं. मी मधी उभी. एवढे दिवस झाले, मला अजून कुणी 'जाऊ का' असं विचारलं न्हाई."

मला आधी हसू आलं. म्हटलं, एवढंच ना. पण रात्री भांडी घासताना ते डोक्यातून जाईना. खरंच की. पोरं कुणाचंही ऐकतात, कुणालाही नमस्ते म्हणतात, पण 'जाऊ का' हे मालकालाच विचारतात. घरात सुद्धा बघा, पोर आत्याच्या मांडीवर बसलेलं असतं, पण शेजारी जायचं तर आईलाच विचारतं.

तिचा कॉलेजातला एक सोबती होता, डोळ्यांनी फार कमी दिसणारा. तो जुन्नरच्या बाजूला एका शाळेत सरावाला. रोज तिला फोन करायचा अन् ती फोन मशीनवर ठेवून स्पीकर चालू करायची, म्हणजे हात भाकरीला मोकळे. मलाही ऐकू यायचं. तिनं विचारलं, "आज किती पाठ झाले?" तर तिकडून म्हणाला, "कसले पाठ? मला ऑफिसात बसवून ठेवलंय. म्हणतात, सर, तुम्ही कशाला त्रास घेता. शिपाई चहा आणून देतो, पंखा लावून देतो. एवढा मान राव मुख्याध्यापकाला पण न्हाई."

"मग मजाय की तुझी."

"मजा कसली? सही करून घेतात की पाठ झाला म्हणून. मी वर्गाचं दार अजून पाहिलं नाही." मग म्हणाला, "तसंही पाहिलं नसतंच म्हणा."

दोघंही खदखदून हसले. मी मात्र मशीन थांबवलं होतं. पुढं तो म्हणाला, "तुझा पाठ वाईट झाला तर कुणी सांगतं का तुला?"

ही म्हणाली, "न्हाई ना. सगळे टाळ्या वाजवतात. छान, फार छान. मी त्या दिवशी मीना नदी चुकून कुकडीच्या उत्तरेला काढली. मागचे सर म्हणाले, छान."

फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "मावशी, तुमाला लोक टेलर कधी म्हणायला लागले?"

मला तो दिवस पक्का आठवतो, कारण त्या दिवशी मला शिव्या बसल्या होत्या. त्याआधी कित्येक वर्षं मी शिवत होते, पण बायका म्हणायच्या, त्यांच्याकडं मशीन हाय. मी कुणीच नव्हते, मशीन होतं. माझ्या हातून काही बिघडलं तरी म्हणायच्या, जाऊ दे, घरच्या घरी शिवतात, शिकलेल्या न्हाईत. अन् मग एकदा पिंपरी पेंढारहून आमच्या गावात दिलेली एक सून, तिच्या भावाच्या लग्नाचा ब्लाउज मी शिवला आणि तो काखेत आवळला. ती तशीच तावातावानं आली, भर दुपारी, अंगणात उभी राहून ओरडली, "ओ टेलरबाई! काय शिवलंय हे? हात वर करायची सोय न्हाई! अक्षता काय पायानं टाकू?" शेजारपाजारच्या सगळ्या बाहेर आल्या. मी ब्लाउज उसवत होते अन् आतून मला गुदगुल्या होत होत्या. टेलरबाई म्हणाली ना ती मला.

हे ऐकून आमची ही शिकवणारी बाई भाकरी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडं बघत बसली. भाकरी करपली. म्हणाली, "म्हणजे माझ्या पाठाला कुणीतरी नावं ठेवली पाहिजेत."

"ठेवतील गं," मी म्हणाले. "आधी भाकरी काढ."

मग तिच्या शेवटच्या पाठाचे दिवस आले. त्याला बाहेरच्या कॉलेजातले परीक्षक येतात, मार्क देतात. मुख्याध्यापकांनी पुन्हा सुचवलं, पाचवी घ्या, परीक्षक काही म्हणणार नाहीत. ही म्हणाली, आठवी. पाठ नदीचा. पण फळ्यावर नदी काढायची तर उगम वर काढावा लागतो, अन् वर तिचा हात जात नाही. तक्ता टांगायचा तर काठीनं दाखवता दाखवता साडीचा पदर सरकतो. दोन दिवस ती नुसती येरझारा घालत होती.

त्याच दिवसांत ती उंच पोरगी माझ्याकडं आली. तिच्या शाळेच्या ड्रेसची सलवार मी दर दोन-तीन महिन्यांनी सोडायचे. दुमड सोडून सोडून आता सोडायला काही राहिलं नव्हतं. घोटे उघडे पडायचे. "काकू, पुन्हा आखूड झाली," ती दारातूनच म्हणाली. बाई आत खाटेवर बसलेली तिला दिसली नव्हती.

मी म्हटलं, "तू जरा थांब की वाढायची. मला दम तरी खाऊ दे."

"मी काय मुद्दाम वाढती का? आई म्हणती, तुझ्यासाठी नवरा कुठनं आणायचा, खांबावरनं?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "मावशी, माझ्या साडीची पट्टी हाय ना उरलेली? ती जोडा तिला खाली. माझं जास्तीचं तिला, तिचं जास्तीचं मला. हिशोब बरोबर."

पोरगी आधी दचकली. मग तिनं तोंडावर हात ठेवला, पण हसू हाताच्या बाहेर आलं. बाई पण हसली. मी खणातून पट्टी काढली अन् रंग जुळतो का बघायला अंगणात उजेडात सोडली. रंग कुठला जुळतोय, सलवार पांढरी. पण गुंडाळी हातातून सुटली अन् अंगणभर पसरत गेली. तुळशीपाशी वळली, चुलीच्या लाकडांपाशी वळली, पार गोठ्यापर्यंत. आमची कोंबडी ती ओलांडायला तयार नव्हती, काठाकाठानं चालायला लागली.

बाई खाटेवरून उतरली. पट्टीकडं बघत उभी राहिली. मग त्या पोरीला म्हणाली, "तुमच्या कबड्डीच्या मैदानाची आखणी केवढी असती गं?"

पाठाच्या दिवशी मला तिनं बरोबर नेलं होतं. निमित्त साडीचं. जोड कुठं उसवला तर सुईदोरा घेऊन बाजूला बसा म्हणाली. मी ब्लाउजला पिना टोचून, चष्मा लावून मैदानाच्या कडेला दगडावर बसले. परीक्षक खुर्चीवर, शेजारी मुख्याध्यापक, मागं आठवीचे सर. पोरं वर्गातून बाहेर काढून कबड्डीच्या मैदानावर बसवलेली. बाई आकाशी साडीत मधोमध उभी. पोरं खाली बसलेली असल्यामुळं ती सगळ्यांपेक्षा उंच दिसत होती, पण माझ्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

तिनं पट्टी उलगडली. "ही घोड नदी. ही कुठनं निघती?" पोरं म्हणाली, डोंगरातनं. "मग डोंगर कोण होतंय?" दोन जाडी पोरं उठून डोंगर झाली. एकेक पोराला तिनं गाव केलं. तू शिनोली, तू घोडेगाव, तू खालचं कळंब. पट्टी वळवत, दगड ठेवत ती पुढं चालली. कुठं पाणी वेगानं पळतं, कुठं गाळ टाकतं, वळणावर आतली बाजू कशी भरते अन् बाहेरची कशी खचते. मधेच म्हणाली, "ह्या काठानं मी घोड्यावर बसून गेलेय, भांड्यांच्या मधी. वर बसलं की नदी सगळी दिसती. खाली चालणाऱ्याला फक्त पुढचं वळण दिसतं."  मला वाटतं त्या वेळी कुणा पोराच्या डोक्यात अर्धं तिकीट नव्हतं.

मग तिनं उंच पोरीला बोलावलं. "तू धरण." तिला घोडेगावाच्या वर बसवलं अन् पट्टी तिच्या दोन्ही मुठीत गच्च धरायला लावली. वरच्या बाजूला पट्टी फुगवून ठेवली, पाणी साठल्यासारखी. खालच्या बाजूला ताणून, पातळ. "आता ही सोडील तेवढंच पाणी खालच्यांना."

पाठ रंगला होता. ऊन चढलं होतं. ती उंच पोरगी मांडी घालून बसलेली, मुठी आवळलेल्या, चेहरा लाल. तिनं चुळबुळ केली. मग तिनं हात वर करायला मूठ सोडली नाही, नुसती मान वर केली. मागं सर बसलेले होते, तिकडं वळली नाही. खुर्चीवरच्या परीक्षकांकडं बघितलं नाही. समोर बघून म्हणाली,

"मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?"

मी दगडावरून उठलेच. बाई पट्टीच्या त्या टोकाला होती. ती थांबली. पदर उगाच सारखा केला, सारखाच होता तरी. मला वाटलं, आता ही हो म्हणणार, आनंदानं म्हणणार, सगळ्या वर्गाला पाण्याला सोडणार.

ती म्हणाली, "न्हाई. बस. धरण उठलं तर घोडेगाव वाहून जाईल."

घोडेगाव झालेला पोरगा ओरडला, "उठू नको गं, बाई!" सगळं मैदान हसलं. परीक्षक हसले, मुख्याध्यापक हसले. उंच पोरगी पण हसली अन् मुठी आणखी घट्ट करून तशीच बसून राहिली. नदी भीमेला मिळेपर्यंत हलली नाही. मग बाई म्हणाली, "आता जा," तेव्हा ती उठली अन् पळत नळावर गेली.

मी परत दगडावर बसले. सुईदोरा काढायची वेळ आलीच नाही. जोड शाबूत होता.

दुपारी ती घरी आली ती जवळजवळ नाचत. मी म्हटलं, "किती मार्क?"

"कापले, मावशी! मार्क कापले!"

"अगं मग नाचती कशाला?"

"ते म्हणाले, तुम्ही फळा अजिबात वापरला नाही, संगम घाईनं उरकलात, अन् शेवटी प्रश्न विचारायला वेळ ठेवला नाही. दोनदा म्हणाले. कडक आवाजात म्हणाले. छान म्हणालेच न्हाईत!"

आमच्या ह्यांना काही उमगेना. ते म्हणाले, "मॅडम, मी जाऊन बोलू का त्यांच्याशी? क्रेटचं सांगतो."

"नको काका," ती म्हणाली. "गोळी द्या एक." अन् ह्यांनी खिसे चाचपून खरंच एक काढली.

ती गेली तेव्हा पट्टी मागून घेऊन गेली. त्या उंच पोरीच्या सलवारीला मी पांढरं कापड आणून जोडलं. पुढं ती पोरगी तालुक्याच्या संघात खेळली असं ऐकलं. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या सोबत्यानं ऑफिसातली खुर्ची सोडून एक दिवस सरळ वर्ग गाठला म्हणे, अन् आता तो कुठंतरी मराठी शिकवतो. त्याच्या वर्गात पोरं हात वर करत नाहीत, बोटानं बाकावर टकटक करतात. तिनंच सांगितलं मला.

ती दरवर्षी येते. आता नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत आहे, सातवी-आठवीला भूगोल. येताना दोन-तीन साड्या आणते, मी कापून देते. मधे बायकांना बसमधे सरसकट अर्धं तिकीट झालं, तेव्हा मुद्दाम फोन करून म्हणाली, "मावशी, आता तुमी सगळ्या माझ्या तिकिटावर आल्या." आमचे हे गेल्यावरही ती आली होती. खोलीच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसली होती, अन् जाताना तिथं लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवून गेली. मी ती शेजारच्या पोरांना वाटली. एक ठेवली.

ह्या दिवाळीत आली तर साड्यांबरोबर ती पट्टी पण आणली. रंग उडालेला, मातीचे डाग, दगड ठेवून ठेवून पडलेली छिद्रं. म्हणाली, "आता ही कधी गोदावरी असती, कधी नर्मदा. एकदा नाईल झाली व्हती. कडा उसवल्यात, दुमडून द्या."

माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. सुईत दोरा तिनंच ओवून दिला. मी मशीनला बसले, ती खाटेवर पाय हलवत. पट्टी लांब, कड संपेना. उन्हं कलली, चहाची वेळ झाली. मी मशीन थांबवून उठायला लागले.

"जाऊ का मॅडम, चहा टाकायला?" मी म्हटलं.

"न्हाई. बसा," ती म्हणाली. "अजून संगम आला न्हाई."

अन् मी बसले.